ताटाची डावी बाजू

मराठी ताटात कच्च्याची जागा फार पूर्वी ठरून गेली आहे. वरच्या कडेला मीठ, त्याच्या डावीकडे लिंबाची फोड, मग चटणी, कोशिंबीर, लोणचं. उजवीकडे भाज्या आणि आमटी, मधोमध भात आणि पोळी. चुलीवरून उतरलेल्या अन्नाला बहुतेक सगळं ताट, आणि किसणी, विळी, पाट्यावरून थेट आलेल्या अन्नाला डावीकडची अरुंद पट्टी. मुंबईसारख्या शहरात ही पट्टी आणखी आक्रसली. डब्यात पाणी सुटतं म्हणून कोशिंबीर गेली. कँटीनमध्ये तिच्या जागी कांद्याच्या दोन चकत्या आल्या. रात्री साडेनऊला लोकलमधून उतरून घर गाठणाऱ्या माणसाला काकडी चोचवायला त्राण उरलं नाही.

याच शहरात आता अशी माणसं भेटतात ज्यांना सगळं ताटच डाव्या बाजूचं करायचं आहे. ‘रॉ व्हीगन’ म्हणून हा आहार ओळखला जातो. त्याचे नियम दोन. अन्न साधारण ४६ ते ४८ अंश सेल्सिअसच्या वर तापवायचं नाही, आणि प्राण्यापासून आलेलं काही घ्यायचं नाही. म्हणजे मांस-मासे-अंडी नाहीतच, पण दूध, दही, तूप आणि मधही नाही. राहतात ती फळं, भाज्या, भिजवलेली कडधान्यं आणि त्यांचे मोड, नारळ, दाणे, तीळ, जवस, सुकामेवा.

या दोन नियमांचा उल्लेख नेहमी एका दमात होतो, पण ते दोन वेगळे त्याग आहेत. एक अग्नीचा, दुसरा दुधाचा. दोन्हींचे फायदे वेगळे आणि दोन्हींची किंमतही वेगळी. मला कच्च्या खाण्याबद्दल मनापासून आस्था आहे. शहरातल्या माणसाला प्रकृतीसाठी करता येण्याजोग्या गोष्टींत ताटाची डावी बाजू वाढवण्याइतकी स्वस्त आणि हातातली गोष्ट दुसरी क्वचितच असेल. म्हणूनच हे दोन त्याग सुटे करून पाहायला हवेत.

आधी अग्नी. कच्चं खाणारे सांगतात की उष्णतेने अन्नातली एन्झाइम मरतात आणि मग पचनाचा सगळा भार शरीरावर पडतो. पहिला भाग खरा आहे, दुसरा टिकत नाही. वनस्पतीतली एन्झाइम ही वनस्पतीच्या कामासाठी असतात. आपल्या जठरातलं आम्ल इतकं तीव्र असतं की त्यातली बहुतेक तिथेच निकामी होतात, आणि अन्न पचवणारी एन्झाइम आपलं स्वादुपिंड आणि आतडं स्वतः तयार करतात. मात्र या नियमाला दोन सुंदर अपवाद आहेत आणि दोन्ही आपल्या स्वयंपाकघरातले आहेत. कोबी, मुळा, मोहरी, नवलकोल या कुळातल्या भाज्या चिरल्या की त्यांच्या पेशींतलं मायरोसिनेज नावाचं एन्झाइम मोकळं होतं आणि त्यातून ते झणझणीत, शरीराला उपयोगी गंधकयुक्त पदार्थ बनतात. लसूण ठेचली की ॲलिनेज हेच काम करतं. दोन्ही एन्झाइम आचेवर मरतात. म्हणून मुळा किसून कच्चा खाण्यात अर्थ आहे, आणि लसूण ठेचून दहा मिनिटं तशीच ठेवून मग फोडणीत टाकण्यातही. काम तोवर झालेलं असतं.

जीवनसत्त्वांचा हिशोब असा एकतर्फी नाही. क जीवनसत्त्व उष्णतेने नासतं आणि पाण्यात उतरून वाहून जातं, म्हणून पेरू, आवळा, लिंबू, कैरी कच्चीच खावी. पेरूच्या शंभर ग्रॅममध्ये दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व असतं, संत्र्याच्या साधारण चौपट. पण टोमॅटोचा लालपणा ज्यातून येतो ते लायकोपिन शिजवल्यावर आणि तेलाची साथ मिळाल्यावर अधिक चांगलं शोषलं जातं. गाजरातल्या बीटा-कॅरोटिनचंही तसंच. कच्च्या गाजराच्या कडक पेशीभिंतीत ते अडकून बसतं. जर्मनीत दीर्घकाळ कच्चं खाणाऱ्या लोकांचं रक्त तपासलं तेव्हा अ जीवनसत्त्वाची स्थिती ठीक निघाली, पण लायकोपिन कमी. टोमॅटोचं सार आपण उगाच करत नाही आणि गाजराच्या कोशिंबिरीवर तेलाची फोडणीही उगाच घालत नाही.

या सगळ्यांत मला सर्वांत जास्त गुंतवून ठेवतं ते फोलेट, कारण त्याची गोष्ट मुंबईत घडली आहे. १९२८ मध्ये लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर बाई परळच्या हाफकिन संस्थेत आल्या. काम होतं गरोदर बायकांतल्या एका भयंकर पांडुरोगाचा शोध घेण्याचं. कापडगिरण्यांत राबणाऱ्या स्त्रियांत तो विशेष दिसे. रक्तपेशी संख्येने कमी पण आकाराने मोठ्या होत आणि कित्येक बाळंतिणी त्यातच जात. विल्स यांनी जंतूंचा माग काढला, काही हाती लागलं नाही. मग त्यांनी या बायकांच्या ताटात पाहिलं. ज्या स्त्रियांचा आहार सर्वांत अपुरा, त्यांच्यातच हा आजार सर्वांत जास्त होता. उंदरांवर आणि माकडांवर प्रयोग झाले, आणि उतारा सापडला तो मार्माइट या यीस्टच्या स्वस्त अर्कात. १९३१ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. अर्कातल्या त्या अज्ञात घटकाला पुढची कित्येक वर्षं ‘विल्स फॅक्टर’ म्हणत. १९४१ मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांतून तो वेगळा काढला गेला आणि फोलिक ॲसिड म्हणून ओळखला जाऊ लागला. आज भारतातल्या प्रत्येक गरोदर बाईला सरकारी दवाखान्यात लोहाबरोबर जी गोळी मिळते तिचं मूळ परळच्या त्या संशोधनात आहे.

हे फोलेट हिरव्या पानांत भरपूर असतं आणि उकळत्या पाण्यात निम्म्याच्या आसपास निघून जातं. पालक भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून देणाऱ्या घरात पानं शिजतात, पण विल्सबाईंचा घटक मोरीत जातो. नुसत्या वाफेवर मात्र ते जवळजवळ तसंच राहतं. म्हणजे इथे कच्च्याची बाजू बळकट आहे, तरी चुलीलाही मार्ग आहे. आपल्या घोळाण्याची थोरवी मला इथे जाणवते. खानदेश, मराठवाड्यात मेथीची किंवा करडईची कोवळी पानं बारीक चिरून त्यात कांदा, दाण्याचं कूट, लिंबू, मीठ आणि कच्चं तेल कालवतात आणि भाकरीबरोबर खातात. पानांतलं फोलेट शाबूत, लिंबामुळे लोह शोषायला मदत, तेलामुळे कॅरोटिन अंगी लागतं, दाण्यांतून प्रथिनं. बाजारातलं कुठलंही महागडं सॅलड याच्यापुढे पोषणात फार काही जास्तीचं देत नाही.

आता दुसरा त्याग, दुधाचा. इथे गोष्ट गंभीर होते.

बी-१२ हे जीवनसत्त्व कोणतीही वनस्पती बनवत नाही. ते जिवाणू बनवतात, आणि आपल्यापर्यंत ते मांस, मासे, अंडी किंवा दुधातून पोचतं. स्पिरुलिनात ते असतं असं जाहिरातींत सांगतात, पण त्यातलं बरंचसं आपल्या शरीराला न वापरता येणाऱ्या रूपातलं असतं. मांसाहार करणाऱ्याला याची फिकीर नाही. पण पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी असलेल्या मराठी घरात बी-१२ येतं ते एवढ्याशा दुधा-दह्यातून, म्हणजे आधीच काठावर. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यावर अनेक वर्षं काम करत आहेत. पुणे आणि परिसरातल्या मध्यमवयीन पुरुषांच्या २००६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ६७ टक्के पुरुषांत बी-१२ कमी होतं, आणि शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण ८१ टक्के होतं. ही माणसं दूध पिणारी होती. त्यांनी दही-ताकही सोडलं तर काय उरेल, याचा विचार करावा.

विल्स यांचं फोलेट आणि याज्ञिकांचं बी-१२ शरीरात एकाच कामावर जोडीने राबतात, आणि कच्च्या वनस्पतीज आहारात नेमकी ही जोडी फुटते: पानांमुळे फोलेट भरपूर, बी-१२ जवळजवळ शून्य. भरपूर फोलेट असलं की बी-१२ च्या कमतरतेने होणारा पांडुरोग झाकला जातो. रक्ताचा अहवाल बरा दिसतो, माणूस समाधानी राहतो, आणि तोवर मज्जातंतूंचं नुकसान आत चालूच असतं. तळपायांना मुंग्या, तोल जाणं, विसरभोळेपणा, चिडचिड ही लक्षणं उशिरा येतात, कारण यकृतातला साठा काही वर्षं पुरतो. म्हणूनच पहिल्या वर्षी छान वाटणं हा काही पुरावा नव्हे. पुण्याजवळच्या गावांतल्या मातांच्या अभ्यासात याज्ञिकांच्या गटाला असंही आढळलं की गरोदरपणी ज्यांचं फोलेट जास्त आणि बी-१२ कमी होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्शुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वांत जास्त होती. पुढे मधुमेहाकडे नेणारी हीच वाट.

उपाय अवघड नाही. जिवाणूंपासून बनवलेल्या बी-१२ च्या गोळ्या मिळतात आणि त्या प्राणिज नसतात. रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅमची, पण तोंडाने घेतलेल्या गोळीतलं थोडंच शोषलं जातं, म्हणून मात्रा डॉक्टरांनी ठरवावी. व्हीगन असणं आणि ही गोळी न घेणं, हे दोन्ही एकत्र चालत नाही. गोळी ‘नैसर्गिक’ नाही म्हणून ती टाळणाऱ्या माणसांविषयी मला कळकळ वाटते. ‘व्हीगन’ हा शब्द १९४४ मध्ये इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवला, आणि बी-१२ हाती लागलं १९४८ मध्ये. पहिल्या पिढीला ते ठाऊक असणं शक्यच नव्हतं. आपल्याला आहे.

ठाऊक नसण्याची किंमत एका फार मोठ्या माणसाने मोजली. १८९३ च्या ऑगस्टमध्ये प्रिटोरियात राहणाऱ्या तेवीस वर्षांच्या मोहनदास गांधींनी न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग केला होता. भिजवलेले गहू, वाटाणे, तांदूळ, मनुका, संत्री असा आहार. लंडनच्या शाकाहारी मंडळींत तेव्हा ‘प्राणमय अन्ना’चा विचार जोरात होता, त्याचा हा प्रभाव. सतत भूक लागे, दातांना त्रास होई, अशक्तपणा आला. दहा-अकरा दिवसांत त्यांनी प्रयोग थांबवला आणि त्याची प्रामाणिक नोंद लंडनच्या ‘व्हेजिटेरियन’ नियतकालिकात छापली. १९१२ मध्ये त्यांनी दूध सोडलं. १९१८ मध्ये खेडा सत्याग्रहानंतर, सैन्यभरतीसाठी फिरत असताना, अतिसाराने ते मरणाच्या दारी पोचले, महिनोन्‌महिने अंग धरेना. मुंबईत डॉ. दलाल यांनी त्यांना सांगितलं की दूध घेतल्याशिवाय शरीर उभं राहणार नाही. गाई-म्हशीच्या दुधाचं व्रत आडवं आलं तेव्हा बकरीच्या दुधाची वाट कस्तुरबांनी सुचवली. गांधींनी ती घेतली आणि आपण व्रताचा शब्द पाळला, आत्मा नाही, ही बोचणी आत्मकथेत लिहून ठेवली. १९२९ मध्ये त्यांनी पुन्हा कच्च्या आहाराचा मोठा प्रयोग केला, आश्रमातल्या अनेकांना सोबत घेतलं, आणि अतिसारामुळे काही महिन्यांत तोही सोडला.

तरी कच्च्या फळा-भाज्यांवरची त्यांची श्रद्धा गेली नाही. १९४६ मध्ये पुण्याजवळ उरुळी कांचनला त्यांनी निसर्गोपचार आश्रम सुरू केला. रसाहार, कोशिंबिरी, उपवास, माती आणि पाण्याचे उपचार तिथे आजही चालतात, आणि मुंबई-पुण्याची माणसं आठ-दहा दिवस तिथे राहून हलकी होऊन परततात. तो आश्रम ज्यांनी आयुष्यभर सांभाळला त्या मणिभाई देसाईंनी पुढे १९६७ मध्ये ‘बाएफ’ ही संस्था उभारली आणि शेतकऱ्यांच्या गोधनासाठी, दुधासाठी प्रचंड काम केलं. एकाच अंगणात रसाहार आणि गोठा सुखाने नांदले. कच्चं वाढवायचं म्हणून दूध सोडायलाच हवं असं नाही, हे त्या अंगणाकडे पाहून कळतं. प्राण्यांच्या कळवळ्याने दूध सोडणाऱ्यांचा मला आदर आहे, तो निर्णय नीतीचा आहे. त्याला आरोग्याचा निर्णय समजू नये, एवढंच.

संपूर्ण कच्च्या आहारावर वर्षानुवर्षं राहिल्यास काय होतं याची चांगली माहिती जर्मनीतल्या गीसेन विद्यापीठाने १९९९ मध्ये दिली. सरासरी पावणेचार वर्षं कच्चं खाणाऱ्या ५१३ जणांची ही पाहणी. पुरुषांचं वजन सरासरी ९.९ किलोंनी आणि स्त्रियांचं १२ किलोंनी उतरलं होतं. ऐकायला छान, पण पंधरा टक्के पुरुष आणि पंचवीस टक्के स्त्रिया आरोग्याला लागणाऱ्या किमान वजनाच्याही खाली गेल्या होत्या, आणि पंचेचाळिशीच्या आतल्या सुमारे तीस टक्के स्त्रियांची पाळी अनियमित किंवा पूर्ण बंद झाली होती. शरीर उपासमार ओळखतं. त्याच गटाच्या पुढच्या अभ्यासात वाईट कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड कमी आढळली, ही जमेची बाजू; ३८ टक्क्यांत बी-१२ ची कमतरता, ही खर्चाची. अमेरिकेत सेंट लुइसला अशा आहारावरच्या अठरा जणांची हाडं तपासली तर घनता कमी निघाली.

कारण सोपं आहे. काकडीच्या शंभर ग्रॅममध्ये जेमतेम पंधरा कॅलरी असतात. दिवसभराच्या दोन हजार कॅलरी अशा अन्नातून मिळवायच्या तर तासन्‌तास चावत बसावं लागेल, किंवा दाणे, नारळ आणि खजुरावर भार टाकावा लागेल. रिचर्ड रँगम या मानववंशशास्त्रज्ञाने २००९ च्या आपल्या पुस्तकात मांडलं की अन्न शिजवायला लागल्यावर माणसाला थोडक्या चर्वणात जास्त ऊर्जा मिळू लागली, त्यातून मोठा मेंदू आणि लहान आतडं घडलं. सगळे संशोधक त्याच्या कालगणनेशी सहमत नाहीत, पण शिजवल्याने ऊर्जा सुटी होते हे निर्विवाद आहे.

मग सुरुवातीच्या महिन्यांत इतकं बरं का वाटतं? बहुतेक वेळा जे सुटलं त्यामुळे. रॉ व्हीगन झालेल्या मुंबईकराच्या आयुष्यातून एका दिवसात वडापाव, फरसाण, बिस्किटं, मैद्याचा पाव, साखरेचा चहा, रात्री अकराची बिर्याणी आणि दारू गेलेली असते. अमेरिकेत केव्हिन हॉल यांनी २०१९ मध्ये वीस जणांना दवाखान्यात ठेवून पाहिलं. कारखान्यात अतिप्रक्रिया केलेलं अन्न समोर असताना तीच माणसं रोज सुमारे पाचशे कॅलरी जास्त खात होती. हा फायदा आग न सोडताही मिळतो. ज्वारीची भाकरी, पिठलं आणि मूठभर घोळाणा खाणाऱ्यालाही मिळतो.

अग्नीचं काम फक्त मऊ करण्याचं नाही, निर्विष करण्याचंही आहे, आणि हे ज्ञान आपल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलं. अळू आणि सुरणात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते घशात रुततात, म्हणून ते चिंच-आमसुलाबरोबर नीट शिजवतात. पावसाळ्याच्या तोंडाला ठाणे-पालघरच्या आदिवासी बाया दादरला शेवळं ही रानभाजी घेऊन बसतात आणि सोबत काकडं ही आंबट फळंही देतात, कारण त्या आंबटाशिवाय आणि भरपूर शिजवल्याशिवाय शेवळं खाजतात. राजमा कच्चा किंवा अर्धाकच्चा खाल्ला तर त्यातल्या लेक्टिनमुळे एक ते तीन तासांत उलट्या सुरू होतात, त्याचे मोड काढूनही भागत नाही. ‘रॉ’ म्हणून विकले जाणारे काजूसुद्धा खरोखर कच्चे नसतात. टरफलातलं तेल कातडी भाजतं, म्हणून बी आधी वाफवावी किंवा भाजावी लागते. खरा कच्चा म्हणजे कोकणातला ओला काजूगर, आणि तो सोलणाऱ्या बाईचे हात पाहिले की त्याचा भाव जास्त वाटत नाही.

उद्यानांच्या दारात सकाळी मिळणारे रस याच यादीत येतात. दुधीचा रस कडू लागला तर एक घोटही गिळू नये. त्यातल्या कुकरबिटासिन नावाच्या विषाने आपल्या देशात माणसं दगावली आहेत, आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने समिती नेमून तसा इशारा दिला आहे. दुधीचा किंवा काकडीचा तुकडा आधी चाखून बघायची आपल्या घरची सवय म्हणजे हीच तपासणी. यंत्रातून निघालेल्या रसात दहा फळांचं कडवटपण आणि गोडवा एकत्र होतो आणि कळायच्या आत पेला रिकामा होतो. पालकाच्या हिरव्या रसाचंही जपून. रोज मोठा पेला प्यायल्यास त्यातलं ऑक्झलेट मूत्रपिंडांवर येतं, आणि मुतखडा होऊन गेलेल्याने तर तो टाळावाच.

महानगराची स्वतःची अडचण मात्र पाण्याची आहे. मुंबईत रेल्वेरुळांच्या कडेला पालक, माठ, मुळा, भेंडी पिकत आली आहे आणि त्यातल्या बऱ्याच ठिकाणी नाल्याचं पाणी वापरलं गेलं आहे, हे रोजच्या प्रवाशाने खिडकीतून पाहिलं आहे. शिजवल्यावर त्यातले जंतू आणि जंतांची अंडी मरतात. कच्च्यात ती तशीच पोटात जातात, आणि फीतकृमीच्या अंड्यांतून निघालेल्या अळ्या तर मेंदूपर्यंत पोचून झटके आणू शकतात. सांडपाण्यातले जड धातू शिजवूनही जात नाहीत. तेव्हा कच्चं खायचं असेल तर भाजी कुठून आली हे विचारावं. विकणाऱ्या ताईंना विचारलं तर त्या बहुधा खरं सांगतात. पानं सुटी करून वाहत्या पाण्याखाली धुवावीत, शेवटचं पाणी पिण्याचं असावं. सोलता येईल ते सोलून खावं. साल असलेलं फळ हे शहरासाठी निसर्गाने बांधून दिलेलं पुडकं आहे: केळं, संत्रं, डाळिंब, सीताफळ, ताडगोळा, आणि डोळ्यांदेखत फोडलेलं शहाळं. स्टेशनबाहेरच्या कापून ठेवलेल्या कलिंगडापेक्षा ते कितीतरी सुरक्षित.

मोडांविषयी आपल्याला फार ममत्व आहे आणि ते योग्यही आहे. मोड आले की कडधान्यातलं फायटेट घटतं, लोह-जस्त मोकळं होतं, मुळात नसलेलं क जीवनसत्त्व तयार होतं. पण जी ऊब आणि ओल मोडांना हवी तीच जिवाणूंनाही हवी. २०११ मध्ये जर्मनीत ई. कोलायच्या एका घातक प्रकाराची साथ आली. सुमारे चार हजार माणसं आजारी पडली, पन्नासहून अधिक मेली, आणि माग काढता काढता तपास पोचला तो मेथीच्या मोडांपाशी. बियांवर आधीच बसलेले जंतू मोड काढताना वाढले होते, धुऊन ते जाण्यासारखे नव्हते. मुंबईच्या जुलैतल्या दमट हवेत फडक्यात बांधून ठेवलेल्या मटकीचं काय होत असेल, याचा अंदाज बांधता येतो. मोडांना पाच मिनिटं वाफ द्यावी. थोडं क जीवनसत्त्व जाईल, ते वरून लिंबू पिळून भरून निघतं.

एवढं सगळं सांभाळूनही डावी बाजू भरपूर वाढवता येते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेतलं ताट निम्मं भाज्या-फळांचं आहे. त्या निम्म्यातलं निम्मं कच्चं ठेवायला मराठी घराला नवं काही शिकावं लागत नाही. चैत्रातली आंबेडाळ म्हणजे भिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि किसलेली कैरी. फोडणी सोडली तर तिने चूल पाहिलेलीच नसते. सोलकढी हे नारळाचं दूध आणि आमसूल यांचं पूर्ण कच्चं, पूर्ण वनस्पतीज पेय आहे, आणि गोवा-कोकणात ते माशांच्या जेवणानंतर रोज प्यायलं जातं. कैरीचा तक्कू, बीटाची आणि गाजराची कोशिंबीर, कांद्याची पात, ओल्या नारळाची हिरवी चटणी, थंडीत ओला हरभरा सोलून. दही नको असेल तर काकडीत दाण्याचं कूट आणि खवलेला नारळ घालावा, दह्याची उणीव भासत नाही.

डब्याला मात्र चिरलेलं देऊ नये. सकाळी सहाला चिरलेली काकडी दुपारी एकपर्यंत लोकलच्या उकाड्यात राहिली तर तिची चवही जाते आणि भरवसाही. अख्खी काकडी, अख्खं गाजर, एक पेरू, लिंबू आणि लहान सुरी द्यावी, जेवताना ते चिरून खावं. मूठभर दाणे भाजलेलेच असू द्यावेत, बुरशी लागलेला दाणा दिसला तर फेकावा. संध्याकाळी घरी पोचायला उशीर होणार असेल तर सात वाजता केळं आणि खजूर खाऊन घ्यावा, म्हणजे रात्री अकराला भुकेने ताटावर तुटून पडावं लागत नाही. शहरी जेवणातला मोठा बिघाड हा वेळेचा आहे, आणि फळ ही एकच गोष्ट अशी की ती गर्दीतही, चुलीशिवाय, हात धुऊन खाता येते.

पावसाळ्यात हा बेत थोडा आवरता घ्यावा. श्रावणात पालेभाजी वर्ज्य करण्याची जुनी रीत चिखल, अळ्या आणि गढूळ पाणी पाहूनच पडली असावी. या चार महिन्यांत पानं वाफवून खावीत, कच्च्यात फळं आणि सोलता येणाऱ्या भाज्या ठेवाव्यात, आणि दिवाळीनंतर मुळा-गाजर-मेथी स्वच्छ येऊ लागली की पुन्हा घोळाणा सुरू करावा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी, वाढत्या मुलांनी आणि वृद्धांनी पूर्ण कच्च्या आहाराच्या वाटेला जाऊ नये. मधुमेहाची किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर पानांचं प्रमाण एकदम वाढवण्याआधी डॉक्टरांशी बोलावं. ज्यांनी दूध सोडलं आहे त्यांनी बी-१२ ची गोळी सुरू ठेवून वर्षातून एकदा रक्त तपासावं, आणि तपासताना फक्त हिमोग्लोबिन पाहून घरी येऊ नये.